विहिरीवरचा कंदील

जबाब देणार : वैजनाथ रामराव शेळके, वय ४४ वर्षे, धंदा शिक्षक, राहणार सुलतानपूर, ता. मेहकर, जि. बुलढाणा. ता. २२ सप्टेंबर १९६३.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, कपाशीवर औषध फवारणारे लहान विमान गेले चार दिवस आमच्या गायरानातल्या धावपट्टीवरून उडत होते. फवारणीचे ठेकेदार भगवानराव यांनी काल एकाच दिवसात दोन गावे जास्तीची घेतली. सहा वाजता विमान शेवटच्या फेरीस निघू लागले, तेव्हा परत येईतो अंधार पडेल असे मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, आभायात का खड्डे असतात? तुमी कंदील मांडा." वैमानिक श्री. मेनन यांनी घड्याळ पाहिले व ते निघाले.

मी पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाच पाच कंदील मांडले. पट्टीच्या पश्चिमेला दीडशे पावलांवर भगवानरावांची विहीर आहे. तिला कठडा नाही. त्यांचा राखणदार उकंडराव तिच्या काठच्या मुरमाच्या ढिगावर रोज दिवेलागणीला कंदील ठेवतो. आमच्याकडे विहिरीवर दिवा म्हणजे इकडे येऊ नका. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. वैमानिकास ते कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी विमान पश्चिमेकडून आले. फेऱ्यांच्या वेळा टिपण्याचे काम माझ्याकडे होते, ही वेळही माझ्या रोजनिशीत टिपलेली आहे. मला अकरा दिवे दिसत होते. मी दहा मांडले होते. अकरावा उकंडरावाचा, रोजचाच, म्हणून मी स्वस्थ उभा राहिलो. वैमानिकाने तो पट्टीचा पहिला दिवा धरला. चाक ढिगाला लागून विमान उलटले. श्री. मेनन यांना बाहेर काढले तेव्हा ते जिवंत नव्हते.

भगवानराव लोकांसमोर म्हणाले, "या उकंड्यानंच मारला. कोनं सांगतलं व्हतं बे तुले कंदील ठेवाले?"

उकंडराव म्हणाला, "तुमीच, मालक. कठडा बांधेपर्यंत ठेव म्हनलं व्हतं. बारा वर्सं ठेवून राह्यलो."

त्याला कालपासून ठाण्यात जमिनीवर बसवले आहे. भगवानराव या घटकेला फौजदारसाहेबांसमोर खुर्चीवर चहा घेत आहेत. हेही लिहून घ्यावे असे मी सांगितले.

दहा कंदिलांच्या भरवशावर अंधारात माणूस उतरवण्याचा बेत भगवानरावांचा. त्या बेताला हातभार लावला मी. उकंडराव या दोहोंत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात उकंडरावाच्या नावाआधी 'आरोपी' असे होते. मी 'राखणदार' म्हणालो होतो. तो शब्द खोडून माझा लिहिल्यावर जबाब बरोबर झाला. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे, खालीही आहे.