वाकडा चरखा

ऑगस्ट सत्तेचाळीस. नगरात गनीभाई शिंप्याच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे मरियाबाई जुना झेंडा घेऊन उभ्या होत्या.

“गनीभाई, ह्यावरचा चरखा उसवा. आता चक्र लागनार हाय म्हनं.”

“व्हय, सकाळपासून तेच चाललंय. पन बाई, एवढा वाकडा चरखा कुनी शिवला? ह्यावर सूत न्हाई, नुसता गुंताच निघंल!”

“आमच्या मालकांनी. बेचाळीस साली, तुरुंगात, चोरून.”

“आस्सं व्हय! मग उसवू का नको?”

“उसवा की. झेंड्यावर नवीन चक्र लावा, आन् हा चरखा त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर लावा.”

“लोक हसतील, बाई!”

“हसू द्या. त्यांना धरून नेलं तवा लई रडून झालंय.”