यंदा तळ दिसतोय

क्लेम : मी सांगतो, तो सोफा आहे.

लोर्ना : नीट बघ. खोपटातल्या अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो.

क्लेम : तळ्याच्या बर्फाला दाराएवढं भोक पाडलंय, लोर्ना, आणि पाणी इतकं नितळ आहे की गादीवरची बटणं मोजून देतो. कुणीतरी हिवाळा संपताना वेळेत आपलं खोपटं हलवलं नसेल, बर्फ फुटून सोफा खाली गेला असेल.

लोर्ना : त्याच्यात टोचलेलं काय आहे?

क्लेम : भाले. चार. लाल दांड्याचे भाले या तळ्यावर तुझ्या वडिलांशिवाय कोण वापरतं?

लोर्ना : म्हणजे बिशप...

क्लेम : हाच बिशप. माणसाएवढा स्टर्जन मासा म्हणे, भाला खाऊन दोरी तोडून पळणारा. चर्चच्या मनोऱ्याची खूण धरून त्यांनी दरवर्षी याच जागी खोपटं लावायचं, गढूळ पाण्यात काळी पाठ दिसली की हाणायचा भाला. भाला निघेना की दोरी कापून घरी.

लोर्ना : हसू नकोस.

क्लेम : आपलं लग्न झाल्यापासून दर नाताळच्या जेवणात मला आंधळा म्हणतात ते. का, तर मी म्हणायचो की इथे मासा नाही. आज हसू दे मला.

लोर्ना : बाबा निघालेत तिकडून. त्यांचा दोस्त वॉल्डेमार आणि गुत्त्यातली सगळी मंडळी बरोबर आहे. काल बोलून बसलेत, यंदा तळ दिसतोय, उद्या बिशपला वर काढतो. आणि डॉक्टरांनी बजावलंय, पुढच्या हिवाळ्यापासून बर्फावर पाऊल ठेवायचं नाही.

क्लेम : मग बघतील सोफा.

लोर्ना : सगळ्यांसमोर? शेवटच्या हंगामात?

क्लेम : मी काय करू? घरी उचलून नेऊ?

लोर्ना : पाणी ढवळ.

क्लेम : काय?

लोर्ना : ती लांब काठी घे आणि तळाचा गाळ वर आण.

क्लेम : पाणी निवळावं म्हणून अख्खं गाव मेणबत्त्या लावतं. मी सकाळपासून पालथा पडून अंड्याची टरफलं टाकली, पांढऱ्या बशा सोडल्या, माशाची सावली उठून दिसावी म्हणून. तुझ्या आईच्या ठेवणीतल्या बशा.

लोर्ना : म्हणूनच तो दुकानात मांडल्यासारखा दिसतोय. क्लेम, माझ्यासाठी.

क्लेम : दे ती काठी.

लोर्ना : डावीकडे. हात दिसतोय अजून सोफ्याचा.

क्लेम : कॉफी ओत पाण्यात.

लोर्ना : सगळी?

क्लेम : वाटाण्याचं सूपही ओत. आले बघ.

(दार उघडतं. लोर्नाचा बाप ऑर्विल एकटाच आत येतो, मंडळी बाहेर थांबतात.)

ऑर्विल : हे काय झालंय पाण्याचं?

क्लेम : माझ्या हातून काठी पडली, बाबा. काढायला गेलो आणि गाळ वर आला.

ऑर्विल : आणि हे वाटाणे?

क्लेम : तेही माझ्याच हातून.

ऑर्विल : वॉल्डेमार, जा रे बाबांनो घरी. माझ्या आंधळ्या जावयाने तळ्याची वाट लावली, आज काही दिसायचं नाही. चला, दार लावतो.

लोर्ना : बाबा, त्याला नका बोलू.

ऑर्विल : सोफा दिसला ना तुम्हाला?

क्लेम : कसला सोफा?

ऑर्विल : तपकिरी. बटणांचा.

लोर्ना : तुम्हाला ठाऊक होतं?

ऑर्विल : दुसऱ्या भाल्याला कापूस वर आला. माशाच्या पोटात कापूस नसतो.

क्लेम : मग पुढचे दोन कशाला मारले?

ऑर्विल : तुझी सासू इथे शेजारी बसायची, गुडघ्यांवर गोधडी घेऊन. भाला लागला की टाळ्या वाजवायची. काय सांगणार होतो मी तिला?

लोर्ना : आणि काल गुत्त्यात कशाला बोललात?

ऑर्विल : ब्रँडी बोलली. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. देवाला म्हटलं, एवढं पाणी नासव.

क्लेम : देव नाही आला. मी होतो.

ऑर्विल : बघितलं. चांगलं नासवलंस.

लोर्ना : बाबा, सोफ्याचा हात परत दिसायला लागलाय.

ऑर्विल : आणि वॉल्डेमार अजून दाराबाहेर उभा आहे. क्लेम, बाळा, ढवळ.