निळ्या शर्टाची बाही

सकाळी सव्वादहाला डोळ्यांच्या दवाखान्यात म्हाताऱ्या शिंप्याशेजारी मावशी-भाची येऊन बसल्या.

"मावशी, शिवणमंडळाची शेवटची चिठ्ठी आली. आजवर दर चिठ्ठीत थोडंथोडंच कापायला सांगितलं, आता गुपित गोधडीची अख्खी नक्षी कळणार."

"वाच."

"मधोमध निळ्या कापडाचा अखंड चौकोन, बारा इंची."

"अखंड? तुझ्या काकांच्या निळ्या शर्टाच्या मी पट्ट्या केल्या गं."

"चिठ्ठीपुरतंच कापा, उरलेलं जपा, असं तूच सगळ्यांना बजावतेस!"

"दुसऱ्यांना सांगायला काय जातं!"

"दुसरं निळं आणू?"

"मग गोधडी कशाला करायची? काका गेले, गोधडीत तरी ते मध्यभागीच हवेत."

शिंप्याला राहवलं नाही. "बाही उरलीय?"

"एक आहे."

"उसवून पसरा. बारा इंच, वर शिवणीला अर्धा भरला पाहिजे."

आतून मावशींना हाक आली. भाचीनं घरी फोन लावला. घरच्यांना बाही सापडली होती, मोजायची टेप सापडत नव्हती.