समाधानाचा फॉर्म, तीन प्रतींत

...नाही, पण मला सांगा, हातात एकावर एक दोन हातमोजे, अंगावर तो प्लास्टिकचा झगा, चष्म्यावर वाफ, सकाळी सातपासून पाण्याचा घोट नाही, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, जायचं तर झगा उतरवावा लागतो आणि झगा दिवसाला एकच... आणि अशात गाडीच्या खिडकीतून एक कागद आत येतो. काय लिहिलंय त्यावर? 'आपण आपल्या आयुष्याबद्दल समाधानी आहात का? योग्य पर्यायावर खूण करा.'

तुम्हाला सांगते, साथ सुरू झाल्यापासून मी अॅम्ब्युलन्सवर आहे. पेशंट उचलायचा, ऑक्सिजन लावायचा, हॉस्पिटलच्या फाटकाशी आणायचा आणि मग आत खाट रिकामी होईपर्यंत गाडीतच बसायचं. त्या दिवशी दीड तास बसलो होतो. स्ट्रेचरवर एक आजी. निवृत्त मुख्याध्यापिका. हे त्यांनी मला जिन्यातच सांगितलं, म्हणजे मी आणि ड्रायव्हरकाका त्यांना खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावरून खाली आणत होतो आणि त्या मला सांगत होत्या, पाठ सरळ ठेव!

तर फॉर्म. ऑफिसने आमचा ताण मोजायला काढलेला, वीस प्रश्न. 'कधीच नाही'ला शून्य, 'कधीकधी'ला एक, 'नेहमी'ला दोन. बेरीज तीसच्या वर गेली की पंधरा दिवस सक्तीची रजा. तुम्ही म्हणाल, बरंय की! अहो, काय बरंय? गाडीवरचा माझा जोडीदार स्वतःच वॉर्डात पडलाय. मी घरी बसले तर गाडी उभी राहणार, आणि गाडी उभी राहिली तर त्या चौथ्या मजल्यावरच्यांना खाली कोण आणणार? शिवाय घरी आत्या. दर तासाला मला वाफ देणार आणि वाफेच्या टॉवेलखाली मान घालून विचारणार, बँकेची परीक्षा का दिली नाहीस गं? मला घरी जायचं नव्हतं. बस्स. आणि वर विचारतात, समाधानी आहात का?

काका म्हणाले, डोकं लावू नकोस, सगळीकडे 'कधीच नाही' मार, मी तेच मारलंय, शून्य आलं. शून्य! ज्या माणसाने त्याच सकाळी दार लागत नाही म्हणून दाराच्या सात पिढ्या काढल्या, त्याचा ताण शून्य! ही मोठी माणसं... जाऊ दे. दोन हातमोज्यांत मला पेन धरता येईना, म्हणून काका खिडकीबाहेर उभे राहून वाचणार, मी सांगणार, ते खुणा करणार.

पहिलाच प्रश्न, चिडचिड होते का? मी म्हटलं, कधीच नाही. मागून मास्क उचलल्याचा आवाज.

"खोटं," आजी म्हणाल्या. "आत्ता फाटकावरच्या माणसाला काय म्हणालीस?"

"आजी, ऑक्सिजन सत्त्याऐंशी आहे तुमचा. बोलायचं नाही."

मास्क खाली बसवला. तर बाईंनी दोन बोटं वर केली. दोन, म्हणजे 'नेहमी'. आणि काका, पन्नाशी उलटलेला माणूस, बाईंसमोर पाय जुळवून ताठ उभा, आणि मुकाट्याने लिहितोय! झोपेचा त्रास? आजींनी माझ्या डोळ्यांखाली निरखून पाहिलं. दोन बोटं. जेवणावरून मन उडालं? बाजूला माझा बिस्किटांचा पुडा होता, सकाळचा, न फोडलेला. दोन बोटं. मी ओरडतेय, अहो काका, फॉर्म माझा आहे! ऐकतंय कोण?

मग काकांनी वाचलं, रडू येतं का?

मंगळवारी आम्ही ह्याच फाटकावरून एकाला परत नेलं होतं. खाट मिळेपर्यंत तो थांबला नाही. आजींनी या वेळी बोटं दाखवली नाहीत, नुसता माझा हात धरला. मीच म्हटलं, लिहा दोन.

काम सोडावंसं वाटतं का? मी "कधीच नाही" म्हणायच्या आत आजींनी मूठ घट्ट मिटली होती. शून्य.

शेवटी राहिलं ते समाधान. ते काकांनी वाचेपर्यंत माझा संयम संपला, मी उतरले, फाटकावर गेले आणि खाटवाटपवाल्याला असं काही बोलले की चिडचिडीला दोनच्या वरचा पर्याय हवा होता. सातव्या मिनिटाला खाट मिळाली. आत जाताना आजींनी काकांकडून कागद-पेन मागून घेतलं. काकांनी कागद तसाच ऑफिसात दिला. तेहतीस!

दुसऱ्या दिवशी इन्चार्जबाईंचं बोलावणं. तेहतीस म्हणजे रजा, त्या म्हणाल्या. मी भांडले. म्हटलं, चिडते म्हणून तर खाट मिळते, झोपत नाही म्हणून गाडी वेळेवर निघते, आणि हे सगळं बघायला कागदावर रकाना नाही! त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. तळाशी वळणदार अक्षरात, सहीसकट:

'शेरा: स्वभाव तापट. हात हलका. वर्ग बदलू नये.'

"ह्या कोण?"

"पेशंट."

इन्चार्जबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, बाहेरच्या माणसाचा शेरा आहे, म्हणजे फॉर्म बाद, आणि बाद फॉर्मवर मी कुणाला घरी पाठवू शकत नाही. कागद खणात ठेवला. कोरा दिला. "तीन प्रती. सावकाश भर. मला घाई नाही."

म्हणजे गाडी चालू! मी धावत वॉर्डाच्या दाराशी, आजी कशा आहेत विचारायला. सिस्टर म्हणाली, चौऱ्याण्णववर आल्यात, बोलतायत, वॉर्डातल्या सगळ्यांना सरळ झोपायला लावलंय. आणि तुझ्यासाठी निरोप आहे, समाधानाचा प्रश्न सोडलायस, उत्तर लिहून उद्या तपासायला आण.

आणि येताना लाल पेन आण.