गुडघ्याची वाटी

बायको: ...ही प्लास्टिकची वाटी व्हाइसच्या जबड्यात आवळली की दबते, सैल ठेवली की गरकन फिरते. सपाट अशी एक बाजू नाही मेलीला!

नवरा: म्हणून म्हणतोय, परत पाठव.

बायको: आणि जिची आहे त्या पोरीनं काय करायचं? गुडघ्याच्या आधाराची वाटी तुटल्यापासून खाटेवरून उतरली नाहीये ती. ही एकच नवी बनलीय. नुसती दोन भोकं पाडायचीत.

नवरा: नुसती भोकं! माझी बोटं नुसती भोकं पाडतानाच गेली.

बायको: तुकडा हातानं धरलात म्हणून गेली.

नवरा: जन्मभर तसाच धरत आलो. प्लास्टिक म्हणजे काय लोखंड आहे का, म्हणत.

बायको: माहितीये. फरशी मीच पुसली होती.

नवरा: मग तुला भीती कशी वाटत नाही गं?

बायको: वाटते की. म्हणून तर हात लावणारच नाहीये. हे बघा, डब्यात प्लास्टर ओतलं, त्यात वाटी पालथी बसवली. आता डबा आवळायचा, वाटी नाही.

नवरा: हे कुणी शिकवलं?

बायको: शेजारच्या कवळीवाल्यानं. तो असेच दात बसवतो.

नवरा: आता कवळीवाल्याची अक्कल घ्यायची वेळ आली!

बायको: तुमची घेऊन बघितली ना.

नवरा: बरं. बाह्या वर कर. केस बांध.

बायको: बांधलेत. तुम्ही दारातच का उभे?

नवरा: इथून दिसतंय. दुधानं तोंड पोळलंय माझं, ताक फुंकूनच पिणार. डावा हात बंद करायच्या लाल बटणावर ठेव. हं, कर चालू.

बायको: केलं.

नवरा: ड्रिल हळू उतरव. भुगा कसा निघतोय?

बायको: लांब, सालीसारखा.

नवरा: तसाच हवा. चिकटायला लागला की गरम झालं समज. मध्ये मध्ये वर घे.

बायको: घेतेय... झालं! एक आरपार. आता कडेचं.

नवरा: कडेला जपून. अगं, आवाज बदलला.

बायको: थरथरतेय वाटी.

नवरा: ड्रिलबरोबर वर येतेय! सुटतेय, सुटतेय... दाब! हातानं दाब!

(मशीन बंद होते.)

नवरा: हात! हात दाखव. दोन्ही दाखव!

बायको: आहेत हो. धड आहेत. लाल बटण दाबलं मी.

नवरा: मी काय म्हणालो आत्ता?

बायको: काही नाही.

नवरा: खरं सांग.

बायको: हातानं दाब म्हणालात.

नवरा: आणि तू?

बायको: उजवा उचलला होता. तुम्ही सांगितलंत म्हणून. नशीब, डाव्यानं आधी बटण दाबलं.

नवरा: अरे देवा... तुझीही बोटं घालवली असती मी.

बायको: बसा तिथेच. पाणी देऊ?

नवरा: पाणी नको. बंद कर हे सगळं.

बायको: वाटीला ओरखडासुद्धा नाही. प्लास्टिक गुळगुळीत, प्लास्टर नुसतं भोवती बसलं, धरून नाही राहिलं. वरून दोन लोखंडी पट्ट्या टाकते, खाली रबर घालून. बेतानं आवळल्या म्हणजे झालं, नाहीतर वाटी वाकेल आणि सोडल्यावर भोक लंबगोल व्हायचं. बरोबर ना?

नवरा: बरोबर. पट्ट्यांचं मला आधी सुचायला हवं होतं.

बायको: अर्धं भोक राहिलंय. तुम्ही घरी जा.

नवरा: तुला एकटीला सोडून?

बायको: मग गप्प राहाल? तुमचा आवाज आला की माझा हात आपोआप उठतो. इतकी वर्षं ऐकायची सवय लागलीय. ड्रिलचं राहू दे, मला आता त्या सवयीचीच भीती वाटतेय.

नवरा: पट्ट्या बसव. मी तोंडावर हात ठेवून उभा राहतो.