तेमिब्ले

हलू नका, सर. टाचण्या लावतेय, टोचली तर माझ्याच नावानं ओरडाल. तर काय म्हणत होते—तेमिब्ले. बरोबर बोलले ना? स्पॅनिशमध्ये, धडकी भरवणारं. का दचकलात? बाहेर शिवणकामाची पाटी बघून कोटाच्या बाह्या आखूड करायला आलात, आणि मी निघाले तुमच्या विद्यार्थिनीची आई! हळू बोला, ती आतल्या खोलीत आहे.

शब्द तुमचाच, हो. मी पोरीच्या वहीतून शिकले. एक विशेषण द्यायचं, पाच वाक्यं करून आणायची, खाली मराठीत अर्थ—हाच ना तुमचा गृहपाठ? 'खवळलेला समुद्र तेमिब्ले आहे.' असेल बाई. 'फाटकामागचा कुत्रा तेमिब्ले आहे.' तोही असेल. आणि पाचवं—मान सरळ!—पाचवं वाक्य, 'जिन्यावरचा आईच्या पावलांचा आवाज तेमिब्ले आहे.' त्यावर तुमची लाल शाईतली खूण. शेजारी 'छान'. काय छान, सर? माझ्या घरात काय चालतं ते तुम्ही कोण तपासणार? अठरा वर्षं एकटीनं वाढवली मी तिला, या मशीनवर. हात उगारला का कधी? उगारला असेल एकदोनदा. पट्टीनं. ही नव्हे, लाकडी होती, मोडली ती—पडून मोडली हो! असं काय बघताय?

रविवारी तिच्यासमोर ते पान फाडलं. का नाही फाडणार? रडली असती तर बरं झालं असतं. उठली, आत गेली, कडी लावली. आज चौथा दिवस. मी घरात असले की बाहेरच येत नाही. म्हणून मी चपला खालीच काढून अनवाणी वर यायला लागले—तिच्यासाठीच की!—तर परवा स्वयंपाकघरात मला मागे उभी बघून किंचाळली. ताट पडलं हातातलं. म्हणजे वाजवत आले तरी मी वाईट, न वाजवता आले तरी मीच. काल रात्रीचं वाढून ठेवलेलं तसंच आहे. सकाळचंही.

दाराकडे बघू नका. हाक तर अजिबात मारायची नाही. तुम्ही हाक मारलीत आणि ती आली, तर मी काय करेन—ते जाऊ द्या.

झालं. काढा कोट, जपून. शुक्रवारी या. आणि ऐका, फुकट राग काढला नाही तुमच्यावर, एक काम आहे. मी आता मोठ्यानं म्हणेन, 'येते गं, दोरा आणायला.' तुम्ही पाय आपटत जिना उतरा. माझ्यासारखे, जोरात. खालचं दार धाडकन लावा. मी गेले असं वाटलं की ती जेवायला येते.

मी? मी इथेच उभी राहीन. पडद्यामागे. हलायची नाही.

निघा.