सेम पेज आणि गार चहा

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पुण्याहून नवीन मॅनेजर मॅडम आल्या, तेव्हाची गंमत सांगतो. मीटिंग संपताना त्या हमखास विचारायच्या, "आपण सगळे सेम पेजवर आहोत ना?" आम्ही एका सुरात, "येस मॅडम."

एकदा मोठ्या ऑर्डरचा रंग ठरला. दुसऱ्या दिवशी बघतो तर रंगखात्यानं सूत निळं रंगवलेलं, आणि पॅकिंगवाल्यांनी खोक्यांवर हिरवा टॉवेल छापून आणलेला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, मग काल सगळे हो कशाला म्हणालात?"

आमचे रंगमास्तर अण्णा शांतपणे म्हणाले, "चहा गार व्हायला लागला होता की, मॅडम. तुमचं बोलणं संपल्याबिगर कप कसा उचलायचा?"

आता मॅडम आधी चहा पाजतात, मग विचारतात. तेव्हापासून एकाही मीटिंगला आमचं एकमत झालेलं नाही.